निवळीचं मडकं

२० मार्च २०१६, रविवार

गोळी घेतली.

डॉक्टर म्हणाला, आजी, बीपीची गोळी घेतली की वहीत लिहीत जा, तुम्ही विसरता. मी म्हणलं, मी विसरत नाही, ती गोळीच ध्यानात ठेवण्यासारखी नाही. खताच्या दुकानातनं फुकट आलेली डायरी कोरी पडली होती, तीच घेतली. दुसरीपर्यंत शिकले, तेवढी अक्षरं अजून हातात आहेत. पण नुसतं 'गोळी घेतली' लिहून अख्खं पान वाया घालवायचं माझ्यानं होत नाही, म्हणून बाकीचंही लिहिते.

आज चन्नबसप्पा गवळी आला. हातात किटली नव्हती तेव्हाच ओळखलं.

"गुरम्माक्का, गाई छावणीत नेल्या. उद्यापासून दूध न्हाई."

"मग छावणीतनं आण की."

"हाडं मोजून घ्यावीत अशा झाल्यात. वासराला पुरंना, तुमाला कुठनं आणू?"

 चहा पाजला. काळा.

उदगीरच्या बसस्टँडसमोर माझा ब्रेड-पनीरचा गाडा आहे. पनीर घरी करते. आमचे हे दूध पावडरच्या कारखान्यात होते, तिथं शिकून आले. दूध उकळलं की त्यात कालची आंबलेली निवळी ओतायची. दूध फाटतं, पनीर गोळा होतं, उरलेलं पाणी म्हणजे आजची निवळी. ती परत मडक्यात. आजची निवळी उद्याचं दूध फाडते. असं एकतीस वर्षं, एका दिवसाचा खंड नाही. हे गेले त्या दिवशीही सकाळी दूध फाडलं होतं. लोक बोलले. लोकांच्या चुलीवर काही उतू जात नव्हतं.

दुपारी लेकाचा, शिवमूर्तीचा, पुण्याहून फोन. त्याला कुणी सांगितलं देव जाणे. "अव्वा, बस झालं आता. तिथं प्यायला पाणी न्हाई, दूध न्हाई, कशाला हट्ट करून राहिलीस? बसव जयंतीला गाडी घेऊन येतो. गाडा चालू असंल तर राह्य. बंद असंल तर मुकाट्यानं गाडीत बसायचं. कबूल?"

कबूल म्हणलं. फोन ठेवल्यावर जिभेला चिमटा काढावा वाटला. चौथ्या मजल्यावर बसून समोरच्या गॅलरीतले कपडे बघायचे, हे मला जमायचं नाही.

२३ मार्च, बुधवार

गोळी घेतली.

शिवमूर्तीनं पोरीला पाठवलं. गौरी, माझी नात. कॉलेज संपलंय, नोकरी लागायची आहे. अज्जीला सोबत म्हणून आले म्हणते. सोबत कसली, सामान बांधायला आली आहे. येताना रिकाम्या दोन बॅगा घेऊन कोण येतं?

पाकिटातलं थोडं दूध होतं. चहा केला तर म्हणाली, "मला दुधाचा नको, अज्जी. मी व्हेगन हाय."

"कधीपासून झालं? औषध काय?"

हसली. मग सांगितलं. जनावरापासनं आलेलं काहीच खायचं नाही. दूध, दही, तूप, मध, काही नाही. मी म्हणलं, आपण लिंगायत, अंडं शिवत नाही. आणि तू आमच्याही पुढं गेलीस? म्हणे गाईला त्रास होतो. मी म्हणलं, चन्नबसप्पाच्या गाईंना जाऊन सांग, यंदा सगळं उदगीर व्हेगन झालंय.

२७ मार्च, रविवार

पाकिटाचं दूध आणून आणून मडकं जगवलं. पण पाकीटही एक दिवस मिळतं, दोन दिवस नाही. गाडा चार दिवस बंद.

कोपऱ्यात सोयाबीनचं पोतं आहे. लोह्याच्या भावानं, वीरभद्रनं, मागल्या साली पाठवलेलं. गौरी म्हणाली, "अज्जी, ह्याचं दूध निघतं. ते फाडलं की टोफू. पनीरसारखंच दिसतं. तुझा गाडा त्याच्यावर चालंल."

बांधायला आलेली पोर सोडायला लागली. 

सोयाबीन भिजवायला तीन तांबे पाणी गेलं. टँकर आता नवव्या दिवशी येतो. भिजवलेलं पाणी फेकू दिलं नाही, भांडी त्यातच घासली. वाटलं, गाळलं, उकळलं. वास असा सुटला की कुणी ओल्या पोत्यात झोपून उठलंय. गौरीनं लिंबू पिळलं. भुगा झाला. दुसऱ्यांदा जास्त पिळलं, त्याहून बारीक भुगा.

२९ मार्च, मंगळवार

गोळी दुपारी घेतली.

परत भुगा. गौरी तांब्यानं मोजून अंघोळ करायला गेली. दूध चुलीवर वाफाळत होतं. मी मडक्यावरचं झाकण काढलं आणि वाटीभर निवळी ओतली, ढवळलं नाही, नुसती भांड्याच्या कडेनं सोडली. आमचे हे असंच सोडायचे. बघता बघता गोळा झाला, घट्ट, चाकूनं कापावा असा.

गौरी आली, बघतच राहिली. "काय घातलंस?"

"हात."

खाऊन बघितलं तिनं. म्हणाली पुण्यात दुकानातनं आणतात त्याच्यापेक्षा भारी आहे. वाटीभर पाण्याचं काय सांगत बसायचं? दूध काही घातलं नाही मी. निवळी म्हणजे पाणीच.

आजच्या टोफूची निवळी मडक्यात ओतली. खंड पडला नाही.

३ एप्रिल, रविवार

पाच दिवस नुसतं चव लावणं चाललंय. टोफूला स्वतःची अशी चव नाही, सरकारी माणसासारखा. गौरीनं पुण्याहून कसलीतरी वाळकी पानं आणलीत, ती भुरभुरली. ओवा खाल्लेल्या शेळीच्या तोंडासारखा वास. मी नको म्हणलं.

मग माझ्या हातानं केलं. फडक्यात बांधून वर पाटा ठेवला, तासभर. पाणी निघाल्याशिवाय मसाला आत शिरत नाही. मग येसर मसाला, लसूण, मीठ घातलेल्या पाण्यात उकळी दिली आणि त्यातच मुरू दिला. सकाळी चकत्या करून तव्यावर करडईच्या तेलात भाजल्या. ब्रेडला आतनं कारळाची चटणी, वर कांदा. दुसरा प्रकार शेंगदाण्याच्या लाल चटणीतला. तिसरा अंबाडीचा केला, तो आंबट झाला, आम्हीच खाल्ला.

गौरीनं चार ब्रेड हाणले. येताना म्हणत होती, रात्री जेवत नाही.

८ एप्रिल, शुक्रवार, पाडवा

गोळी घेतली.

गाडा लावला. गौरीनं पाटी रंगवली: 'गुरम्माचा ब्रेड-टोफू. दुधाशिवाय.' खाली गाव लिहायचं तर म्हणाली, जिल्हा लातूर लिहू. मी म्हणलं, सगळ्या बाजारानं 'जिल्हा उदगीर' लिहून ठेवलंय, आपणच मागं कशाला? म्हणाली, झाला नाही अजून. मी म्हणलं, पाऊस पण झाला नाही अजून, म्हणून बी भरून ठेवायचं थांबतात का? शेवटी नुसतं उदगीर लिहिलं.

पहिलं गिऱ्हाईक अण्णाराव. बसव जयंती मंडळाचा अध्यक्ष, पोट आधी येतं, माणूस मागनं. "काय गुरम्माक्का, पनीर गोरं होतं, ह्याचा रंग उडाला का उन्हानं?"

"तुमचं डोकं काळं होतं, ते कशानं उडालं?"

दोन खाल्ले. तिसरा बांधून नेला.

पंचशीला आली. तहसील ऑफिसात कारकून आहे, सात वर्षं माझ्या गाड्यापुढनं जाते, नमस्कार मावशी म्हणते, पण कधी खाल्लं नाही. दूध पोटात गेलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, लहानपणापासनं. पाटी दोनदा वाचली. "खरंच दुधाशिवाय, मावशी?"

"सोयाबीनचं हाय. सोयाबीनला काय सड असतात?"

खाल्लं. उभ्यानं, डोळे मिटून. म्हणाली, "सात वर्षं नुसता वास घेऊन राहिले मी ह्या गाड्याचा."

माझी सासू असती तर पंचशीलाला पाण्याचा पेला वेगळा ठेवायला लावला असता. मी ठेवत नाही. सासू गेली तेव्हा पहिलं काम तेच केलं, वेगळा पेला मोडीत घातला.

११ एप्रिल, सोमवार

गोळी घेतली.

रोज वीस-पंचवीस ब्रेड जातात. टोफू मात्र आज जरा मऊ पडला. मडकं पातळ झालंय. हे दर सोमवारी देवाला दूध घालायचे, अर्धं पिंडीवर, अर्धं मडक्यात. म्हणायचे, मडक्यालाही उपास घडवू नये. आज पाकीट मिळालं. अर्धं पिंडीवर घातलं. बाकीचं उकळून मडक्यात ओतलं. गौरी नळाच्या रांगेत होती.

१२ एप्रिल, मंगळवार

टोफू आज दगडासारखा घट्ट. मडक्याला बळ आलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणे. सगळा बसस्टँड त्याच गोष्टी करून राहिला. अण्णाराव म्हणाला, जिल्हा झाला की आपल्याला पण रेल्वे येईल पाण्याची. काय हौस एकेकाला.

पंचशीलानं ब्रेड नेला. संध्याकाळी म्हणाली, हातावर जरा खाज सुटलीय. मी म्हणलं, टँकरचं पाणी आहे, सगळं गाव खाजवतंय.

१७ एप्रिल, रविवार

गोळी काल विसरले. आज घेतली. (दोन नाही.)

अण्णाराव मंडळाचे दोघे घेऊन आला. बसव जयंतीच्या दासोहाला दरवर्षी हुग्गी असते, गव्हाची दुधातली खीर, येईल त्याला पंगतीत बसवून जेवू घालायचं. यंदा दूध नाही, हुग्गी कशी करायची? "गुरम्माक्का, तुमचा ब्रेड-टोफू ठेवू. अडीचशे माणूस."

एकजण कुरकुरला, "दासोहात ब्रेड?"

मी म्हणलं, "बसवण्णानं जेवू घाला म्हणलं. काय घाला ते सांगितलं का?"

 ठरलं. नऊ मे. शिवमूर्ती पण त्याच दिवशी येणार. येऊ दे, पंगतीत वाढायला हात कमीच आहेत.

१८ एप्रिल, सोमवार

पिंडीवर दूध, मडक्यात दूध. गोळी घेतली.

१९ एप्रिल, मंगळवार

पंचशीला आली नाही. ऑफिसच्या कामाला नांदेडला गेली.

२५ एप्रिल, सोमवार

आज पाकीट अख्खं मिळालं. दासोह जवळ आला, मडकं दमदार पाहिजे. पिंडीवर पळीभरच घातलं, देवाला समजतं. बाकी सगळं मडक्यात. गोळी घेतली.

२६ एप्रिल, मंगळवार

पंचशीलाला दवाखान्यात नेलं. ऑफिसातच ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागेना. शिपायानं रिक्षात घालून नेलं म्हणून वाचली. दुपारी माझा ब्रेड खाल्ला होता.

लोक म्हणतात, चटणीत काहीतरी. अण्णाराव म्हणतो, पाणी. गौरी माझ्याकडं बघते.

२७ एप्रिल, बुधवार

पहाटे उठून ही वही मागं वाचली. मी लिहिलेलं मी कधी वाचत नाही, आज वाचलं. बारा तारीख, मंगळवार, खाज. आदल्या दिवशी सोमवार. काल मंगळवार, घसा. आदल्या दिवशी सोमवार, अख्खं पाकीट. अक्षर माझंच आहे, दुसऱ्या कुणावर घालायची सोय नाही.

गौरीला उठवलं, मडक्याजवळ नेलं आणि सांगितलं. सगळं, पहिल्या वाटीपासनं.

"म्हणजे मी महिनाभर काय खाल्लं, अज्जी?"

"टोफू. माझ्या मडक्यातला."

"मला फसवलंस ते राहू दे. पण पाटी वाचून जी बाई खाते..." पुढं बोलली नाही. बोलली असती तर बरं होतं.

दवाखान्यात गेले. पंचशीलाचं तोंड अजून फुगलेलं. मी सरळ सांगितलं. निवळीत दूध होतं, मी घातलं, मला कळलं नाही. कळायला पाहिजे होतं.

ती छताकडं बघत होती. मग म्हणाली, "मावशी, मी पुडक्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचते. तुमच्या पाटीवर मात्र भरोसा ठेवला, का म्हणाल तर अक्षर मोठं होतं."

मी म्हणलं, तक्रार दे. ती म्हणाली, "तक्रारी घ्यायलाच बसते मी दिवसभर. घरी जा. बोलायला घसा दुखतो."

येताना पाटीवर पोतं टाकलं. गाडा बंद. बसव जयंतीला बारा दिवस. शिवमूर्तीची अट ध्यानात आहे, कुणी आठवण करून द्यायची गरज नाही.

२८ एप्रिल, गुरुवार

अण्णाराव आला. त्यालाही सांगितलं. म्हणाला, "त्यात काय? आपण दूध पितोच की. ही एकटी सोडून कुणाला काय झालं? गाडा लावा, बोंब कशाला?"

"तुम्ही पिता. ती पीत न्हाई. दासोहात येईल त्याला वाढायचं, का निवडून वाढायचं?"

"अक्का, तुम्ही लई ताणता."

"मी ताणत न्हाई. मडकं बदलते. जमलं तर नऊ तारखेला अडीचशे ब्रेड. न्हाई जमलं तर तुम्ही शेंगदाण्याचे लाडू वाटा, मी पुण्याला जाऊन ते खाते."

२ मे, सोमवार

गोळी घेतली.

चार दिवस मडक्याकडं नुसतं बघत होते. म्हणलं, सोयाचीच निवळी घालत राहिले तर दूध आपोआप निघून जाईल. गौरी पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "किती दिवसांनी जाईल? कुणाला खायला घालून बघणार?"

बरोबर आहे तिचं.

सकाळी निवळी शेजारच्या भाकड म्हशीच्या घमेल्यात ओतली. तिनं एका दमात संपवली आणि अजून आहे का म्हणून माझ्याकडं बघितलं. एकतीस वर्षं, अर्धं मिनिट. मातीत पण दूध मुरलेलं असतं म्हणून मडकं दगडावर आपटलं. पहिल्या फटक्यात फुटलं नाही, चांगलं भाजलेलं होतं. यांनीच निवडून आणलं होतं, दहा मडकी वाजवून. दुसऱ्या फटक्यात फुटलं.

मडक्याला उपास घडला आज. मलाही जेवावं वाटलं नाही, ऊन फार होतं.

कुंभाराकडनं नवीन आणलं. पंधरा वाजवून.

५ मे, गुरुवार

लिंबावर फाडून भुगा केला, भुगा आम्ही खाल्ला, त्याची निवळी नव्या मडक्यात ठेवली. दोन दिवसांत आंबायला पाहिजे होती. आज तिच्यावर सोयाचं दूध फाडायला गेले, फाटलंच नाही. नुसतं दोघांनी एकमेकांकडं बघितलं, दूध आणि मी. तेवढं पाणी वाया.

शिवमूर्तीचा फोन. "अव्वा, गाडा चालू हाय का?"

"तू सोमवारी येणार ना? सोमवारी विचार."

फोन ठेवल्यावर बघितलं, गौरीनं दोन्ही बॅगा माळ्यावर टाकल्यात. 

६ मे, शुक्रवार

रात्रभर आठवत होते, आई उन्हाळ्यात आंबील कसं आंबवायची. ताक नसायचं आमच्याकडं. ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात कालवून उन्हात ठेवायची, दुसऱ्या दिवशी फसफसायचं. तसंच केलं. त्यातली पळीभर वरची आंबट निवळ मडक्यात घातली, मडकं फडक्यात गुंडाळून पत्र्यावर उन्हात ठेवलं. उदगीरचं ऊन काहीतरी कामाला येऊ दे. गोळी घेतली.

८ मे, रविवार

पहाटे झाकण काढलं. वास बरोबर. जिभेवर घेतलं, दात आंबले. सोयाचं दूध उकळलं, निवळी कडेनं सोडली, ढवळलं नाही. गौरी माझ्या खांद्याला टेकून उभी. गोळा झाला. जुन्याएवढा घट्ट नाही, पण चाकूला धरतो.

"हात घातलास का, अज्जी?" म्हणाली.

"ह्या वेळी तुझ्यासमोरच घातलाय."

दिवसभर वाटणं, फाडणं, दाबणं. पाटा पुरेना म्हणून शेजाऱ्यांचे पाटे आणले, ट्रंका ठेवल्या, एकावर मीच बसले. नव्या मडक्याला दुधाचा एक थेंबही कुठनं लागू नये म्हणून घरातली दुधाची सगळी भांडी माळ्यावर, बॅगांशेजारी.

९ मे, सोमवार, बसव जयंती

गोळी घेतली. सकाळीच, आठवणीनं.

पिंडीवर आज पाणी घातलं, तेही फुलपात्रभर. मडक्यात काही घातलं नाही.

दासोहाच्या मांडवात गाडा लावला. पोतं काढलं. पहिली पंगत बसायची तेवढ्यात पंचशीला आली. सगळ्यांदेखत मी तिला सांगितलं, जुनं मडकं फोडलं, हे नवीन, दुधाचा थेंब नाही; पण तू खायलाच पाहिजे असं नाही, मी वाईट वाटून घेत नाही.

"डॉक्टरनं सांगितलंय, आधी ओठाला लावून बघायचं," ती म्हणाली. "सुजेवरची गोळी पर्समध्ये हाय. आणि दवाखाना मांडवामागंच हाय, तोही बघून घेतलाय."

नखाएवढा तुकडा ओठाला लावला. मी ब्रेड भाजायचं सोडून तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. तेवढ्यात शिवमूर्ती आला, गाडी मांडवाबाहेर उभी करून, घाम पुसत.

"अव्वा, बॅगा भरल्यास का?"

"थांब."

"काय करून राहिलीस?"

"तिच्या ओठाकडं बघून राहिले. गप उभा राहा, न्हाई तर तव्यावरचे ब्रेड उलट."

पुण्यात त्याच्या हाताखाली वीस माणसं आहेत म्हणे. ब्रेड उलटले त्यानं. दोन जाळले.

अर्धा तास गेला. ओठ होता तसा. मग तिनं घास खाल्ला, परत अर्धा तास बसलो.  पंगती उठत होत्या, बसत होत्या, अण्णाराव वाढा वाढा म्हणून ओरडत होता. मग पंचशीलानं पर्सची चेन लावली आणि पंगतीत जाऊन बसली. अण्णारावच्या वहिनीशेजारी. तिला अख्खा ब्रेड मीच वाढला.

शिवमूर्ती संध्याकाळपर्यंत वाढत होता. निघताना गाड्याला हात लावून बघितला, चालू आहे का बंद ते कळायला. तवा गरम होता, हात भाजला. 

गौरीला नोकरीचं पत्र आलंय, तिला जायला पाहिजे. निघताना तिनं पाण्याची काचेची बाटली पुढं केली. "अज्जी, निवळी दे. तिथं मी फाडत जाईन."

भरून दिली. शिवमूर्तीच्या मांडीवर ठेवायला लावली आणि सांगितलं, बूच सैल ठेव, आंबतं ते, फुटंल. पुण्यापर्यंत धरून बस. गौरी गाडी चालवणार होती.

न्यायला आला होता, काहीतरी घेऊन गेला.

१० मे, मंगळवार

पंचशीला आली. ब्रेड-टोफू नेला, संध्याकाळी परत येऊन उभी राहिली, नुसती ओठ दाखवायला. तिची गोळी पर्समध्येच राहिली. माझी मी घेतली.